‘स्मार्ट’ नावाचं प्रकरण: आधी झोंबायचं, मग शोभायला लागलं

लग्न जमवणाऱ्या मावशी म्हणतात, "मुलगा दिसायला स्मार्ट आहे हो." वर्गातले सर म्हणतात, "जास्त स्मार्टपणा नको, खाली बस." ऑफिसातला टीम लीड सांगतो की हार्डवर्क नको, स्मार्टवर्क करा (स्वतः काय करतो ते विचारू नका), आणि दुकानदार विचारतो साधा टीव्ही देऊ का स्मार्ट. विशेषण एकच, जागा चार, अर्थ चार, त्यातला एक तर सरळ पाणउतारा, आणि तरी ऐकणारा कुठेच अडखळत नाही.

शब्दांचे अर्थ कसे बदलतात हे सांगायचं म्हटलं की लोक बहुतेक वेळा ‘नाइस’चं उदाहरण देतात, म्हणजे एकेकाळी त्याचा अर्थ मूर्ख होता वगैरे. चांगलं उदाहरण आहे, पण ‘नाइस’चे जुने अर्थ बहुतेक मेले. ‘स्मार्ट’ची केस मला जास्त भारी वाटते कारण इथे जुने अर्थ मेलेच नाहीत, हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आजही इंग्रजीत शाबूत आहे आणि शेजारी २१व्या शतकातला अर्थ पण नांदतोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या शब्दाला अर्थ कितीही फुटले तरी शतकानुशतकं त्यांच्यात एक धागा होता, धार. ती धार सुटली ती अगदी आत्ता, गेल्या पंधरा-वीस वर्षांत, जेव्हा हा शब्द योजनांच्या नावाला चिकटवायला लागले.

पहिल्या अर्थापासून सुरू करू. जुन्या इंग्रजीत, म्हणजे ढोबळ हजार वर्षांपूर्वी, ‘स्मेअर्ट’ म्हणजे झोंबणारं, चरचरणारं. छडीचा वळ, उघडी जखम, चाबकाचा फटका, यांच्यासाठी तो शब्द. हुशारीचा दूरदूरपर्यंत संबंध नाही. आणि हा फक्त इंग्रजीचा मामला नाही, सगळ्या भाऊबंद भाषांत तेच आहे: जर्मनमध्ये ‘श्मेर्ट्स’ म्हणजे वेदना, डॅनिशमध्ये ‘स्मेर्त’ म्हणजे वेदना, स्वीडिशमध्ये पण तसंच, आणि डचमध्ये तर आजही ‘स्मार्ट’ म्हणजे दुःख. डच लोक रडक्या, विरहाच्या, आई गेली बाप गेला टाइप गाण्यांना ‘स्मार्टलाप’ म्हणतात. म्हणजे ॲमस्टरडॅममधला माणूस स्मार्टफोनवर स्मार्टलाप ऐकत असेल तर त्यातला पहिला स्मार्ट इंग्रजीतून आयात केलेला आणि दुसरा घरचा, आणि दोघांची पणजी एकच. काही अभ्यासक हे नातं आणखी मागे नेतात, लॅटिनमधल्या ‘चावणे’ या क्रियापदापर्यंत आणि संस्कृतातल्या मृद् या चुरडण्याच्या धातूपर्यंत, ज्यातून आपलं मर्दन आलं. हे नातं सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकत नाही.

इंग्रजीत तो जुना अर्थ क्रियापदात जसाच्या तसा उरला. कांदा चिरताना डोळे झोंबतात तेव्हा इंग्रज माणूस माझे डोळे ‘स्मार्ट’ होतायत असंच म्हणतो. अपमान झाल्यावर माणूस आतल्या आत जळत राहतो त्यालाही तेच क्रियापद. आपल्याकडे झोंबणं नेमकं असंच वागतं की, मिरची पण झोंबते आणि बोलणं पण झोंबतं, फरक इतकाच की झोंबण्यातून आपण हुशारीचा शब्द बनवला नाही.

आता हा चरचरणारा शब्द हुशार कसा झाला? एका उडीत नाही झाला, आणि इथेच ही केस बघण्यासारखी आहे. फटका झोंबायचा असेल तर तो सपकन बसायला हवा, हळू मारलेल्या छडीने वळ उठत नाही. म्हणून १३००च्या आसपास स्मार्ट म्हणजे झोंबणारा याच्या जोडीला स्मार्ट म्हणजे जोरकस, चपळ, झटपट असं पण लोक बोलायला लागले. वेदनेतून वेग निघाला. इंग्रजीत ‘स्मार्ट पेस’ म्हणजे आजही झपाझप चालणं, आणि ‘लुक स्मार्ट!’ असं इंग्लंडमधला जुन्या वळणाचा माणूस ओरडला तर तो भांग पाड म्हणत नसतो, तो म्हणत असतो आटप लवकर.

पुढची पायरी शब्दांची. फटका हाताने देता येतो तसा जिभेनेही देता येतो. या वळणावरचा एक पुरावा इतका नेमका आहे की त्याच्यापाशी थोडं थांबतोच. शेक्सपिअरचं हॅम्लेट, साधारण १६००चं नाटक, तिसरा अंक. पोलोनियस मुलीच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक देतो आणि सहज बोलता बोलता म्हणून जातो की माणसं भक्तीचा मुखवटा लावून सैतानालाही साखरेत घोळवतात. त्याला काही विशेष म्हणायचं नसतं. पण शेजारी राजा क्लॉडियस उभा असतो, ज्याने भावाचा खून करून गादी घेतलीय, आणि तो स्वतःशीच पुटपुटतो की या बोलण्याने माझ्या मनाला केवढा ‘स्मार्ट’ आसूड बसला. बघा म्हणजे, आसूड आहे, पण तो कातड्याचा नाही, वाक्याचा आहे, आणि बसलाय पाठीवर नाही तर मनावर. शब्द एक पाय शरीरात आणि एक पाय बोलण्यात ठेवून उभा आहे. आणखी गंमत म्हणजे बोलणारा इथे अजिबात स्मार्ट नाही, पोलोनियस हा नाटकातला सगळ्यात बडबड्या म्हातारा. स्मार्ट आहे तो फटका.

यानंतर थोड्याच काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, फटक्याचं विशेषण फटका देणाऱ्याकडे सरकलं. ज्याचं उत्तर झोंबतं तो स्मार्ट, म्हणजे हजरजबाबी, आणि हजरजबाबी म्हणजे डोकं चालणारा, आणि डोकं चालणारा म्हणजे हुशार. सुटी सुटी बघितली तर एकेक पायरी इतकी छोटी आहे की ती चढताना कोणाला जाणवलंही नसणार. भाषाशास्त्राच्या पुस्तकात याला अर्थोत्कर्ष म्हणतात, शब्दाची पत वाढणं. उलटंही होतं, ‘सिली’ हा शब्द जुन्या इंग्रजीत सुखी, भाग्यवान अशा अर्थाचा होता आणि घसरत घसरत बावळट झाला.

आणि हे फक्त इंग्रजांच्या डोक्यातलं खूळ आहे असं समजू नका. खरचटलेल्या जागी आयोडीन लावलं की चुणचुणतं, आणि चटपटीत, पटकन उत्तर देणाऱ्या पोरीला आपण म्हणतो चुणचुणीत. दोन्ही शब्द एकाच घरातले दिसतात. तिखट पण तसंच, ठेचा तिखट आणि नणंद पण तिखट. म्हणजे टोचणं आणि तल्लख असणं यांची सांगड मराठीनेही स्वतःच्या बळावर घातली, कोणी इंग्रज शिकवायला आला नव्हता. फक्त आपलं चुणचुणीत तिथेच थांबलं, त्याला चुणचुणीत फोन आणि चुणचुणीत शहर व्हायचं भाग्य लाभलं नाही.

जुना आणि नवा अर्थ एकाच जोडशब्दात समोरासमोर बघायचे असतील तर ‘स्मार्ट मनी’ घ्या. आज शेअर बाजारावर बोलणारा कुठलाही यूट्यूबर दर दहा मिनिटांनी म्हणतो की स्मार्ट मनी कुठे चाललाय ते बघा, म्हणजे मोठ्या, आतली खबर असलेल्या लोकांचा पैसा. हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतला, जुगार आणि घोड्यांच्या शर्यतींच्या जगातला. पण त्याच्या दोन-अडीचशे वर्षं आधी इंग्लंडमध्ये ‘स्मार्ट मनी’ म्हणजे लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला किंवा खलाशाला मिळणारी भरपाई, वेदनेचे पैसे. जर्मनीत अपघात झाला की वकील आजही ‘श्मेर्ट्सेन्सगेल्ट’ मागतात, हॉलंडमध्ये ‘स्मार्टनगेल्ट’, दोन्हींचा अर्थ शब्दशः वेदनेचा पैसा, तोच नमुना. इंग्लंडमध्ये भरतीच्या भानगडीत राजाचा शिलिंग घेऊन बसलेला (तो घेतला की सैन्यात भरती झाल्यातच जमा) आणि नंतर पस्तावलेला तरुण ठरावीक दंड भरून सुटू शकायचा, त्या दंडालाही स्मार्ट मनीच म्हणायचे. अमेरिकन कोर्टकचेरीच्या जुन्या भाषेत दोषी पक्षाला झोंबावं म्हणून नुकसानीच्या वर लावलेला दंड, त्यालाही तेच नाव. म्हणजे एके काळी स्मार्ट मनी ज्याला मिळायचा त्याचा पाय गेलेला असायचा, आणि आता ज्याच्याकडे तो आहे असं मानतात तो इतरांना मार्केटमध्ये चुना लावतो. वेदना जोडशब्दातून गेली नाही म्हणा, फक्त ती सोसणारा बदलला. (एफ अँड ओ मध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत, पैसे घालवलेल्यांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.)

आता कपडे. हुशारीचा फाटा डोक्याकडे गेला तसा दुसरा फाटा चपळाईतून अंगावर आला. चपळ माणूस ताठ चालतो, ताठ चालणाऱ्याचे कपडे नीट बसतात, आणि सैन्यात तर या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. सॅल्यूट स्मार्ट म्हणजे खटकन मारलेला आणि टर्नआउट स्मार्ट म्हणजे इस्त्री, पॉलिश, बेल्ट सगळं जागच्या जागी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्मार्ट म्हणजे नीटनेटका, टापटिपीचा हा अर्थ लिखाणात दिसायला लागतो. मात्र तो वरच्या वर्गाचा शब्द नव्हता. जेन ऑस्टिनच्या १८११च्या सेन्स अँड सेन्सिबिलिटीमध्ये ‘स्मार्ट’ पोरांबद्दल चिवचिवाट करणारी बाई म्हणजे थोरली मिस स्टील, जिच्या बोलण्यावर वाचकाने नाक मुरडावं अशीच लेखिकेची योजना आहे; खऱ्या खानदानी पात्रांच्या तोंडी तो चिवचिवाट नाही. मग १८८०च्या आसपास वारं फिरलं आणि हाच शब्द स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आला, लंडनच्या उच्चभ्रू मंडळींना स्मार्ट लोक, स्मार्ट सेट म्हणायला लागले, आणि १९००मध्ये न्यूयॉर्कला द स्मार्ट सेट नावाचं मासिकच निघालं. नोकरांच्या तोंडचा शब्द मालकांनी उचलला, हे कपड्यांच्या बाबतीत नेहमी उलटं होतं म्हणतात.

इथून पुढे अटलांटिकच्या दोन बाजूंना दोन वाटण्या झाल्या. इंग्लंडने कपडे ठेवले, अमेरिकेने डोकं घेतलं. ब्रिटनमध्ये आजही हुशार म्हणायचं तर पटकन तोंडात येतो ‘क्लेव्हर’, आणि स्मार्ट म्हणजे आधी नीट पेहराव. ‘स्मार्ट कॅज्युअल’ हा ड्रेसकोड वाचून कोणी कॅज्युअल कपड्यांत बुद्धी शोधत नाही. अमेरिकेत स्मार्ट म्हणजे सरळ हुशार, आणि दक्षिणेकडच्या ग्रामीण बोलीत तर ‘राइट स्मार्ट’ म्हणजे चिक्कार, भरपूर, राइट स्मार्ट पाऊस झाला म्हणजे बक्कळ झाला. हा फाटा पुढे कुठे गेला नाही.

हुशारी जास्त झाली की तिचा राग येतो हे सगळीकडे सारखं. अमेरिकेत १८६०च्या दशकात ‘स्मार्ट ॲलेक’ हा शब्दप्रयोग दिसतो, म्हणजे आपला दीडशहाणा. तो कोणावरून पडला याबद्दल एका भाषा-अभ्यासकाचं म्हणणं मजेशीर आहे: १८४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ॲलेक होग नावाचा ठग होता, बायकोच्या मदतीने गिऱ्हाइकांना लुबाडायचा आणि पोलिसांना वाटा द्यायचा, मग त्याने पोलिसांचा वाटाही मारायला सुरुवात केली आणि तिथे फसला. पोलिसांच्या हिशेबात तो जरा जास्तच स्मार्ट निघाला. आपल्याकडचा ओव्हरस्मार्ट याच जातीचा, आणि मास्तरांचा "स्मार्टपणा नको" पण.

आपल्याकडे हा शब्द आला तो ब्रिटिशांकडून, म्हणजे कपड्यांच्या आणि कवायतीच्या वाटेने, पलटणीतून, कॉन्व्हेंट शाळांतून, एनसीसीच्या परेडमधून. पण इथे आल्यावर त्याने आपला एक वेगळा अर्थ काढला जो लंडनलाही नीट कळणार नाही: स्मार्ट म्हणजे देखणा. नुसता नीटनेटका नाही, चेहऱ्यामोहऱ्याने बरा, उठावदार. आणि लग्नाच्या बाजारात त्या अर्थाचं एक खास काम आहे. "सावळी आहे, पण स्मार्ट आहे" हे वाक्य मराठी घरांत किती वेळा बोललं गेलं असेल याची मोजदाद नाही. गोऱ्या मुलीबद्दल कोणी "गोरी आहे पण स्मार्ट आहे" म्हणत नाही, तिथे ‘आणि’ येतो. म्हणजे रंगावर जे कमी पडलं असं समोरच्याला वाटतंय ते भरून काढायला हा इंग्रजी शब्द पुढे केला जातो, कारण सुंदर म्हणायचं धाडस होत नाही आणि काहीच म्हणू नये तर स्थळ हातचं जातं. मला विचाराल तर स्मार्टच्या सगळ्या अर्थांत हा सर्वांत लबाड आहे, आणि झोंबण्याच्या मूळ अर्थाच्या जवळचाही, ज्या मुलीबद्दल बोलतात तिला विचारून बघा.

पुढे टीव्ही, कॉम्प्युटर, आयटी आली आणि अमेरिकन अर्थही येऊन पोचला, त्यामुळे आता मराठीत दोन्ही आहेत आणि संदर्भावरून कळतं. "पोरगा स्मार्ट आहे" हे मावशी म्हणाल्या तर चेहरा, मॅनेजर म्हणाला तर डोकं.

इथपर्यंत स्मार्ट हे माणसाचं किंवा माणसाने केलेल्या कृतीचं विशेषण होतं. वस्तूला ते लागलं तरी छडी, जखम, कोट, टोपी. वस्तूला अक्कल आहे अशा अर्थाने ते ठळकपणे लागलं ते बॉम्बला. व्हिएतनाममध्ये थान होआ नावाच्या गावाजवळ एक पूल होता, १९६५पासून अमेरिकन विमानं त्यावर शेकडो फेऱ्या मारून बॉम्ब टाकत होती आणि पूल काही पडत नव्हता. १३ मे १९७२ला फँटम विमानांनी लेझरने वाट दाखवलेले बॉम्ब टाकले आणि पूल कोसळला. या बॉम्बना ‘स्मार्ट बॉम्ब’ म्हणायला लागले, आणि लगेच आधीचे साधे बॉम्ब आपोआप ‘डंब बॉम्ब’ झाले, बिचारे कालपर्यंत नुसते बॉम्ब होते. १९९१च्या आखाती युद्धात टीव्हीवर ते बॉम्ब नेमके कसे जाऊन लागतात ते जगाने घरबसल्या पाहिलं आणि शब्द घराघरात गेला. एक बघा, शब्दाच्या जन्मापासूनची फटक्याची आणि वेदनेची संगत इथेही सुटलेली नाही. नेमका बसणारा मार, हाच अर्थ, फक्त छडीच्या जागी बॉम्ब.

तिथून कार्ड. चिप बसवलेल्या कार्डाचं पेटंट फ्रान्सच्या रोलाँ मोरेनोने १९७४मध्ये घेतलं (त्याआधी दोघा जर्मनांनीही अशा कल्पनेचं पेटंट मागितलं होतं). फ्रेंच लोक त्याला ‘कार्त आ प्यूस’ म्हणतात, आणि प्यूस म्हणजे चिप, पण त्याआधी पिसू, म्हणजे सरळ पिसूवालं कार्ड. इंग्रजीत मात्र ते झालं स्मार्ट कार्ड. मला फ्रेंच नाव जास्त प्रामाणिक वाटतं, कार्डात काय आहे ते सांगतं; इंग्रजी नाव कार्डाबद्दल आपल्याला काय वाटावं ते सांगतं. हा फरक बारीक दिसतो पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

फोनचं तर मजेशीर आहे. ज्याला आज पहिला स्मार्टफोन म्हणतात तो आयबीएमचा सायमन, ऑगस्ट १९९४मध्ये अमेरिकेत विक्रीला आला, टचस्क्रीन होता, फॅक्स आणि ईमेल जायचा, आणि साधारण ५०,००० नग खपले. पण त्याच्या नावात स्मार्ट नव्हतंच, पर्सनल कम्युनिकेटर होतं. स्मार्टफोन हे बिरुद त्याला मागाहून मिळालं. १९९७मध्ये एरिक्सनने एका मॉडेलला स्मार्टफोन म्हटलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो शब्द इतका रुळला की त्यातलं स्मार्ट ऐकूच येईनासं झालं. गावाकडे कोणी म्हणतं "साधा फोन आहे का स्मार्ट?" तेव्हा त्याला फोनच्या बुद्धीची चौकशी करायची नसते, व्हॉट्सॲप चालतं का एवढंच विचारायचं असतं. स्मार्ट म्हणजे नेटला जोडलेलं. टीव्ही, घड्याळ, बल्ब, एसी, सगळ्यांना आता हाच अर्थ.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला, अक्षरं फोडायचा. नोव्हेंबर १९८१मध्ये जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी एका मॅनेजमेंट मासिकात लिहिलं की कंपनीची उद्दिष्टं स्मार्ट असावीत, आणि पाच इंग्रजी अक्षरांवर पाच गुण बसवले. अप्रेझलचा फॉर्म भरलेल्या प्रत्येकाने ते पाठ केलेत, आणि गंमत म्हणजे मूळ पाचांतले काही आता वेगळेच सांगितले जातात, अक्षर तेच ठेवून आतला शब्द बदलायचा. हार्डडिस्कमध्ये बिघाडाची आधी सूचना देणारी एक यंत्रणा आहे, तीही स्मार्ट. मोटारगाडीही आहे, त्यात स्वॉच घड्याळांचं एस, मर्सिडीजचं एम आणि पुढे आर्ट. नोव्हेंबर २०१४मध्ये गुवाहाटीला पोलीस महासंचालकांच्या परिषदेत पंतप्रधानांनी स्मार्ट पोलीस मांडला, तिथे तर एकेका अक्षरावर दोन दोन गुण. आपल्या राज्यात २०१६ला स्मार्ट ग्राम योजना आली. त्यात एस म्हणजे स्वच्छता, एम म्हणजे व्यवस्थापन, ए म्हणजे दायित्व, आर म्हणजे अपारंपरिक ऊर्जा, टी म्हणजे पारदर्शकता आणि तंत्रज्ञान. मराठीतून वाचलं तर पहिलं आणि ओढूनताणून शेवटचं सोडून एकही अक्षर जुळत नाही, पण योजनेचं नाव स्मार्ट पाहिजे हे आधी ठरलेलं, गुण मागून आले. आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या लोकांना स्मार्ट म्हटलं की जागतिक बँकेच्या मदतीने चाललेला कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तनाचा प्रकल्प आठवतो, त्यांना फोन आणि टीव्ही नंतर.

या ठिकाणी मी एक सोपी चाचणी लावतो, विरुद्धार्थी शब्द मागायचा. स्मार्ट फटक्याच्या उलट? हलका, लागला न लागला असा. स्मार्ट चालीच्या उलट रेंगाळणं. स्मार्ट पोराच्या उलट ढ. स्मार्ट कपड्यांच्या उलट गबाळे. स्मार्ट बॉम्बच्या उलट डंब बॉम्ब, स्मार्ट फोनच्या उलट साधा फोन, किंवा चिडून बोलायचं तर डबडं. प्रत्येक ठिकाणी उलट शब्द लगेच सापडतो, म्हणजे सुलट शब्दाला ठाम अर्थ आहे. आता स्मार्ट सिटीच्या उलट काय? ढ शहर? गबाळं शहर? कोणी म्हणत नाही. म्हणजे इथे सुलट शब्दालाच ठाम अर्थ उरला नाही, धार सुटली ती इथे.

आणि हे मी खोचकपणे म्हणत नाहीये. आयबीएमने नोव्हेंबर २००८मध्ये ‘स्मार्टर प्लॅनेट’ ही मोहीम काढली, मग शहरांना विकायची यंत्रणा आली ती स्मार्टर सिटीज, आणि मग जगभरच्या सरकारांनी तो शब्द उचलला. आपल्याकडे २५ जून २०१५ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं, १०० शहरं, त्यात महाराष्ट्रातली ८: पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, तेव्हाचं औरंगाबाद, पिंपरी-चिंचवड; गोव्यातलं पणजी पण. या मिशनच्या सरकारी मार्गदर्शक कागदातच सुरुवातीला प्रश्न आहे की स्मार्ट सिटी म्हणजे काय, आणि उत्तर आहे की सर्वमान्य अशी व्याख्या नाही, वेगवेगळ्या लोकांसाठी तिचा अर्थ वेगवेगळा. कागद प्रामाणिक आहे, मानलं पाहिजे. पण मग त्या नावाखाली सायकल ट्रॅक पण बसतो, कंट्रोल रूम पण, एलईडीचे दिवे पण, आणि खोदून ठेवलेला रस्ता पण. मिशन ३१ मार्च २०२५ला संपलं.

कोणी म्हणेल बहुअर्थी शब्दाचं हेच तर काम, अर्थ ताणला जाणारच. मला ते पटत नाही. आधीच्या प्रत्येक पायरीवर नवा अर्थ बोलणाऱ्यांच्या गरजेतून आला, छडीपासून चालीपर्यंत, जिभेपासून डोक्यापर्यंत, आणि ऐकणाऱ्याला तो न सांगता कळला. मॅनेजमेंट आणि योजनांच्या पायरीवर नाव आधी आलं आणि अर्थ नंतर भरायचा होता, कधी अक्षरं फोडून, कधी मार्गदर्शक सूचना काढून. शब्द तोच असला तरी या दोन वेगळ्या घटना आहेत.

बोलणारे लोक मात्र गप्प बसत नाहीत, ते रिकाम्या शब्दात स्वतःचा अर्थ भरतात. वीज मीटरचं ताजं उदाहरण आहे. केंद्राच्या २०२१च्या योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर लावायचं ठरलं, रीडिंग आपोआप जाणार, पैसे आधी भरायचे. महाराष्ट्रात २०२४मध्ये त्याला जोरदार विरोध झाला, मोर्चे निघाले, आणि जूनमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत. नंतर पोस्टपेड, कुठल्या वेळेला किती वीज वापरली ते नोंदवणारे मीटर आले, त्यांचं नाव टीओडी मीटर. महावितरणचं म्हणणं हे वेगळे मीटर आहेत, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मीटर तोच, फक्त नावातलं स्मार्ट काढलं. कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. पण कुठलीही गोष्ट विकायची तर पुढे स्मार्ट लावा हे ज्या काळात चाललंय त्याच काळात एका गोष्टीच्या पाटीवर तो शब्द दिसेनासा झाला, आणि मीटर बसवायला माणूस आला की दारातली बाई अजूनही पहिला प्रश्न हाच विचारते, "स्मार्ट नाही ना हा?"